गोगलगाय छापाची फळी

मी स्केटबोर्डची एक जुनी फळी आहे. मला आता चाके नाहीत. ती ज्या लोखंडी जोडांवर बसत, ते जोडही कधीच काढून घेतले. त्यांची आठ भोके तेवढी माझ्या अंगावर राहिली आहेत. पोटावर एक चित्र होते, तेही आता नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या सामानाच्या खोलीत, मांडणीच्या तिसऱ्या कप्प्यात मी पडून असते. माझ्या एका बाजूला तारेच्या दोरांची भेंडोळी आहेत आणि दुसऱ्या बाजूला भिंत.

मित्रांनो, माझी कहाणी माझ्या जन्माआधी सुरू होते. ती सुरू होते एका बाईच्या पडण्यापासून.

ही बाई लिफ्ट दुरुस्त करायची. तिला सगळे लिफ्टवाली म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणते. वय एक्केचाळीस. एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यातील लोखंडी तुळईवर उभी राहून काम करताना तिचा डावा पाय सरकला आणि ती दीड मजला खाली पडली. जीव वाचला. पायाचे हाड जुळले, पण अंगठा आत वळला तो वळलाच. डॉक्टरांनी पाय बरा झाल्याचा कागद दिला. कंपनीनेही परत या म्हटले. ती गेली, पण तुळईवर पाय ठेवताच तो मागे घेऊन खाली उतरली. मग कंपनीने तिला टेबल-खुर्ची दिली. लोक फोन करत आणि ती कुठला स्क्रू कोणी पिळायचा ते सांगत बसे. ती स्वतःच म्हणायची, "उंटावरून शेळ्या हाकते झालं."

लहानपणी ती स्केटबोर्डवर चांगली होती. तिच्या घराजवळ एक मैदान आहे, तिथे जमिनीत सिमेंटचा मोठा वाडगा केला आहे. पोरे त्याच्या उतारावरून वर-खाली घसरतात. ऑफिस सुटल्यावर ती तिथल्या बाकावर बसून राहायची. एकदा दुकानातून साधी फळी आणून तिने उभे राहून पाहिले. वळलेला अंगठा टेकेना आणि पाय घसरे.

एके दिवशी तिथे जहाजावरचा एक स्वयंपाकी आला. जहाज दोन दिवस बंदरात होते. त्याने आपली फळी तिला दहा मिनिटे दिली. ती फळी मधोमध खोलगट होती. उथळ परातीसारखी. पाय आपोआप आत बसला. लिफ्टवाली वाडग्याच्या काठावरून आत उतरली आणि पलीकडच्या काठापर्यंत चढली. दहा मिनिटे संपली. तिने विचारले, "कुठं मिळते ही?"

"दुकानात नाही मिळत," स्वयंपाकी म्हणाला. "आमच्या गावात दोघी बायका बनवतात. नणंद-भावजय आहेत."

दुसऱ्या दिवशी जहाज गेले. गावाचे नाव विचारायचे तिला सुचलेच नाही. फळीच्या पोटावर एक गोगलगाय काढलेली होती, एवढेच तिच्या लक्षात राहिले.

हे सारे मला फार नंतर कळले, तिच्याच तोंडून. ती हे पुष्कळ जणांना सांगत असे.

मग तिचा शोध सुरू झाला. तिच्या शहरात स्केटबोर्डची चार दुकाने होती. सर्वांत मोठ्या दुकानात भिंतभर फळ्या टांगलेल्या होत्या, पण त्या तीनच मोठ्या कंपन्यांच्या. दुकानदार म्हणाला, "ताई, गोगलगाय वगैरे आपल्याकडं येत नाही. छोट्या लोकांचा माल इथवर पोचतच नाही. मागवायचा तर शंभर नग मागवा म्हणतात, आणि ते शंभर नग वर्षातसुद्धा करत नाहीत."

दुसऱ्याने तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, आठ दिवसांनी यायला सांगितले आणि आठ दिवसांनी एका साध्या फळीवर गोगलगाईचे स्टिकर चिकटवून तिच्यापुढे ठेवले. तिने बोट फिरवून पाहिले आणि फळी परत दिली. ती चिडली नाही. "मेहनत केलीत तुम्ही," एवढेच म्हणाली.

तिचा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याचे काम पसरलेले असते. तो म्हणाला, "चाळिशी लागली की माणसं चष्मा लावतात. तू चाकं लावायला निघालीस."

ती म्हणाली, "तू दात बसवतोस ना लोकांना? प्रत्येकाच्या तोंडाचं माप वेगळं घेतोस ना? मग पायाचं तसंच आहे."

रात्रीचे जेवण झाल्यावर मात्र तोही इंटरनेटवर गोगलगाई बघत बसू लागला. बागेतल्या, समुद्रातल्या, पुस्तकातल्या. पाचव्या महिन्यात त्यालाच एका अनोळखी माणसाचा फोटो सापडला. माणूस पडलेला होता आणि त्याची फळी हवेत उलटी होती. पोटावर गोगलगाय. त्या माणसाला विचारले, तर त्याने पत्ता कळवला. त्या दोघींना इंटरनेटचे वावडे होते आणि फोन त्या उचलत नसत. म्हणून लिफ्टवालीने कागदावर पत्र लिहिले. सोबत दुसऱ्या कागदावर पाय ठेवून, भोवती पेन्सिल फिरवून दोन्ही पावलांची आकृती काढली आणि तीही पाठवली.

पत्र पोहोचले तेव्हा मी त्या कारखान्यात होते, पण फळी म्हणून नव्हे. मेपलच्या लाकडाचे पातळ पापुद्रे गठ्ठ्याने रचलेले होते, त्यात मी सुटी सुटी होते. कारखाना म्हणजे एकच लांब खोली होती. एका टोकाला साचा आणि दाबाचे यंत्र, ते नणंदेकडे. दुसऱ्या टोकाला खिडकी, रंग आणि ब्रश, ते भावजयीकडे. भावजय लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर कोणाशी बोलली नव्हती. नणंद तिला गोगलगाय म्हणू लागली. पुढे त्याच भावजयीने घरात कोणाला न विचारता ही खोली भाड्याने घेतली आणि दाबाचे यंत्र आणून ठेवले. गोगलगाय अन् पोटात पाय, असे म्हणतात ते नणंदेला तेव्हा पटले. फळीवरचे चित्र तेव्हापासूनचे.

भावजयीने पत्र वाचून दाखवले.

"परदेशात पाठवायची नाही," नणंद म्हणाली. "मागं तीन पाठवल्या. तीनही फिरून परत आल्या, आणि एकीचे तर दोन तुकडे."

"हिनं पायाचं माप पाठवलंय."

"पायाचं माप कशाला? चपला करतो का आपण?"

भावजयीने वाद घातला नाही. तिने तो कागद साच्यावर ठेवला आणि आपल्या खिडकीशी जाऊन बसली. नणंदेने यंत्राला तेल घातले, हात पुसले, कागद उचलून बाजूला ठेवला, मग पुन्हा घेतला. बराच वेळ ती डाव्या पावलाकडे बघत होती.

"अंगठा आत वळलाय हिचा."

"लिफ्टच्या खड्ड्यात पडली म्हणते."

नणंदेने कागदावरच्या अंगठ्याच्या रेषेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "फळीचा खोलगटपणा किती धरायचा मग?"

अशी माझी घडण ठरली. सात पापुद्रे निवडले. पाच उभ्या रेषांचे आणि दोन आडव्या रेषांचे. आडवे दोन नसतील तर फळी लांबीत चिरते. प्रत्येकाला डिंक लावला, एकावर एक रचून साच्यात घातले आणि वरून दाब दिला. दिवसभर मी त्या दाबाखाली होते. बाहेर निघाले तेव्हा सातांची एक झाले होते. त्या वेळी मला काही वाटले, असे मी सांगणार नाही. लाकडाला दाबल्यावर वाटायचे ते काय? नंतर दोन आठवडे मला वाळवले, पट्ट्याच्या करवतीवर आकार कापला, कडा पॉलिश पेपरने घासल्या. माझा खोलगटपणा नेहमीच्या फळीपेक्षा किंचित जास्त ठेवला होता. शेवटी भावजयीने पोटावर गोगलगाय काढली. नणंदेने पुठ्ठ्याचे चार थर गुंडाळून मला बांधले आणि म्हणाली, "ही परत आली तर मी हिचा पाट करीन."

मी परत गेले नाही, पण पोहोचलेही नाही. लिफ्टवालीच्या देशात कस्टमच्या गोदामात मला अडवले. मी नक्की काय आहे, हे तिथे कोणाला ठरवता येईना. एकाने मला लाकडी सामानात घातले, म्हणून कीड नसल्याचा दाखला हवा झाला. दुसऱ्याने खेळण्यांत घातले. तिसऱ्याने वाहनाच्या सुट्या भागांत. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. अकरा आठवडे मी तिथे उभी होते. छत एका ठिकाणी गळत होते, पण सुदैवाने ते शिलाई मशिनांच्या खोक्यांवर गळत होते.

शेवटी लिफ्टवाली स्वतः आली. तिथल्या साहेबांनी मला उघडून टेबलावर ठेवले.

"हे काय आहे?"

"फळी."

"कशाची?"

"उभं राहायची."

साहेबांनी मला उलटे-सुलटे करून पाहिले. "चाकं कुठायत?"

"घरी आहेत."

"म्हणजे चाकं लावल्यावर हे वाहन होतं."

"नाही साहेब. चाकं लावली तरी फळीच राहते. ढकलावं लागतं पायानं."

साहेब म्हणाले, "अशा फळ्या आपल्याकडं दुकानात ढिगानं आहेत. परदेशातून का मागवली?"

तेव्हा तिने सगळे सांगितले. खड्डा, अंगठा, स्वयंपाकी, दहा मिनिटे. मी ते तिथेच पहिल्यांदा ऐकले. साहेबांच्या मागे आणखी दोघे येऊन उभे राहिले होते. साहेबांनी तिला पायातला बूट काढायला सांगितला. तिने काढला. त्यांनी मला जमिनीवर ठेवले आणि म्हणाले, "उभ्या राहा बघू."

ती माझ्यावर पहिल्यांदा उभी राहिली ती कस्टमच्या टेबलाशेजारी, एका पायात बूट आणि एका पायात नाही, अशी. पाय बसला. साहेबांनी वाकून पाहिले. मग खुर्चीत बसून त्यांनी अर्जावर लिहिले, 'पायाच्या आधाराचे साधन', आणि शिक्का मारला.

पुढची चार वर्षे माझी कामाची होती. पहिले तीन महिने ती रोज संध्याकाळी मला वाडग्यात नेई. सुरुवातीला नुसती काठावर उभी राहायची आणि उतरायची नाही. एकदा वीस मिनिटे तशी उभी होती. मग उतरली. पडली. पुन्हा उतरली. कोपर सोलले, पण डावा पाय माझ्यावरून सरकला नाही. तो सरकायला जागाच नव्हती.

चौथ्या महिन्यात ती घरी आली तेव्हा मी दाराशी चपलांच्या मांडणीला टेकून होते. नवरा कवळीला हिरड्यांचा रंग देत होता.

"आज वर गेले," ती म्हणाली.

त्याने ब्रश बाजूला ठेवला. "किती वर?"

"चौथ्या मजल्यापर्यंत."

"तुळईवर?"

"तुळईवर."

तो उठला, तिच्यासाठी पाण्याचा पेला भरला आणि तिच्यासमोर ठेवला. "लिफ्ट किती मजल्यांची आहे?"

"सात. उरलेले तीन उद्या."

आठवड्याभरात तिने फोनचे टेबल सोडले.

त्या काळात माझे कौतुकही झाले. मैदानावरची मुले मला हातात घेऊन बघत. कोणी विचारे, "काकू, कुठं मिळते?" ती सांगे, "मिळत नाही." मुलांना ते खोटे वाटे. परदेशातली वस्तू आपल्याकडे मिळत नाही, हे आजकाल कोणाला पटत नाही.

मित्रांनो, माझ्या दुर्लक्षाची गोष्टही सांगायला हवी. ती कोणाच्या दुष्टपणाची नाही. लिफ्टवालीचे काम वाढले. तिला बढती मिळाली, शहराबाहेरच्या इमारतीही तिच्याकडे आल्या. संध्याकाळी ती दमून येई. मी आधी दाराशी होते, मग खोलीच्या कोपऱ्यात गेले, मग गॅलरीत. तिथे मी आठ महिने होते. कोणी मुद्दाम ठेवले नव्हते, उचलायचे राहून गेले. पाऊस तिरका आला की माझी शेपटी, म्हणजे मागचे वर वळलेले टोक, भिजे. शेपटीचे पापुद्रे हळूहळू सुटू लागले, जुन्या वहीची पाने फुगतात तसे. तिची भीती गेली आणि तिला माझी गरज उरली नाही. याला तक्रार म्हणू नका. घडले ते सांगितले.

एका रविवारी तिने मला उचलले आणि शेपटीवर अंगठा दाबला. आतून पाणी आले. ती गॅलरीतच खाली बसली.

"मी केलं हे," ती नवऱ्याला म्हणाली.

"पावसानं केलं."

"पावसाला काय माहीत."

तिने मला वाळवले, शेपटीत डिंक भरला, शिकंज्यात आवळून ठेवले. आकार टिकला, पण जोर गेला. वाडग्यात नेले असते तर पहिल्याच उडीत मी मोडले असते. तिने कारखान्याला पुन्हा पत्र लिहिले. महिन्याने भावजयीचे उत्तर आले. नणंदेचा खांदा निकामी झाला होता. यंत्राचा दांडा तिला ओढवत नव्हता आणि दुसऱ्या कोणाला ती ओढू देत नव्हती. फळ्या बनवणे बंद झाले होते. आता गोगलगाय छापाची फळी त्यांच्या गावातही मिळत नव्हती.

पण पत्र तिथे संपत नव्हते. पुढे अकरा पाने होती. भावजयीने लिहिले होते, 'तुमची फळी टाकू नका. वाकली नसेल तर तिच्यावरून साचा काढता येतो. वन्सं सांगतात आणि मी लिहिते. मध्येच त्या चिडतात, ते मी गाळले आहे.' त्याखाली पापुद्रे, डिंक, दाब, वेळ, सगळे क्रमाने.

लिफ्टवालीने ती पाने तीनदा वाचली. मग टेबलापलीकडे बसलेल्या नवऱ्याकडे बघितले.

"साचे तू रोजच काढतोस," ती म्हणाली.

"दातांचे."

"हे जरा मोठे दात समज."

त्याने हसू दाबले आणि पाने आपल्याकडे ओढली. दातांसाठी लागते ते प्लास्टर त्याने पोत्याने आणले. लाकडी खोक्यात ओतले, मला तेल लावले आणि आधी पोटावर, मग पाठीवर निजवले. दाब देण्यासाठी लिफ्टवालीने कंपनीतून जुना जॅक आणला. प्लास्टर सुकल्यावर मला उपसून काढले, तेव्हा पोटावरचे चित्र सुटून प्लास्टरला चिकटले. तेल तिथे कमी पडले होते.

"चित्र गेलं," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

तिने माझ्या पोटावरून हात फिरवला. "जाऊ दे. आकार आला ना?"

आकार आला होता. पहिली फळी मात्र साच्यातून काढताच सात पापुद्र्यांची सातच राहिली. दुसरी पिळवटली. तिसरीच्या वेळी जॅक सरकून खोक्याची बाजू फुटली, म्हणून सारे सामान कंपनीच्या या खोलीत आणले. इथली जमीन सपाट आहे. चौथी फळी नीट निघाली. नवऱ्याने ती भिंतीला टेकवली आणि मला तिच्याशेजारी उभे केले. दोघे लांब जाऊन बघत राहिले.

"ही त्यांना पाठवायची," लिफ्टवाली म्हणाली.

"एकच तर झालीय."

"म्हणूनच."

ती फळी दोन महिन्यांनी कारखान्यात पोहोचली. आणखी दोन महिन्यांनी उत्तर आले. या वेळी पत्र भावजयीचे नव्हते. नणंदेने डाव्या हाताने लिहिले होते. अक्षरे कोंबडीच्या पायांसारखी होती. लिफ्टवालीने ते याच खोलीत मोठ्याने वाचले, म्हणून मला ते पाठ आहे.

'शेपटीचा कोन बरोबर आला आहे. डिंक फार झाला. पुढच्या वेळी निम्मा लावा. पाचवा पापुद्रा आडवा घातला नाहीत, घाला. कड घासताना घाई केलीत, करू नका. तुमच्या तिकडे ज्यांना मिळत नसेल त्यांना करून द्या. गोगलगाय काढायची असेल तर शिंगे चार काढा. लोक दोनच काढतात.'

लिफ्टवालीने पत्राची घडी घातली आणि नवऱ्याला म्हणाली, "पुढच्या वेळी, म्हणतायत."

त्याला आता तीन वर्षे झाली. या खोलीत एकोणीस फळ्या झाल्या. प्रत्येकीसाठी कोणीतरी कागदावर पाय काढून पाठवतो. साचा तोच, पण कापणी त्या पायाच्या मापाने होते. नवरा गोगलगाय काढतो आणि शिंगे मोजतो. नव्या फळ्या मला ओळखत नाहीत, त्यांना ओळखायचे कारणही नाही. त्या निघून जातात.

मित्रांनो, वस्तू जपा असे सगळेच सांगतात. मी काचेच्या कपाटात ठेवा म्हणत नाही. फळीवर उभे राहिलेच पाहिजे, तिची शेपटी झिजलीच पाहिजे. पण काम झाल्यावर तिला आत घ्या, एवढेच. आणि मोडलेली वस्तू फेकण्याआधी ती कशी केली होती ते कोणाला तरी विचारून ठेवा. सांगणारे खांदे दुखत असतानाही सांगतात.

माझ्यापुरते एकच मागणे आहे. प्लास्टरच्या साच्याला सहा-सात फळ्यांनंतर तडा जातो. मग मला खाली उतरवतात, तेल लावतात आणि माझ्यावरून नवा साचा काढतात. परवा तिसऱ्या साच्याला तडा गेला. मी ज्या भिंतीला लागून आहे, तिला यंदा ओल आली आहे. या खोलीत कोणी आलात, तर मला चार बोटे पुढे सरकवा.